रुळांतून वाहणारी वीज

विद्यालयाच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षिकेने विजेच्या तारांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. संपादक मंडळाने माझ्याकडे वसतिगृहाच्या आठवणी मागितल्या होत्या. त्या माझ्याहून अधिक जिव्हाळ्याने लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. विज्ञान दालनातल्या आगगाडीची हकीकत मात्र कोणी लिहून ठेवलेली नाही, आणि ती गाडी गेल्या वर्षी भंगारात जाता जाता राहिली. म्हणून तिच्याविषयी लिहिते.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन. रेल्वेच्या सिग्नल विभागात नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने हा संच विद्यालयाला भेट दिला. प्लायवुडचे आठ फूट बाय चार फुटांचे दोन तक्ते काटकोनात जोडलेले, त्यांवर सुमारे बारा मीटर लांबीचा बंद मार्ग, पुढच्या बाजूला स्थानक आणि पाठीमागे कागदाच्या लगद्याचा डोंगर. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर. जगभरच्या हौशी मंडळींमध्ये हे प्रमाण फार रूढ आहे. मुलांनी डोंगरामागच्या वळणाला 'खंडाळा' असे नाव ठेवले होते, कारण तेथे गाडी दमत असे. स्थानकातून ऐटीत निघालेले इंजिन खंडाळ्यापाशी रेंगाळे, आणि मागे चार डबे असले तर उभेच राही.

घाट चढताना इंजिन दमणारच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. वास्तविक त्या डोंगरामागे चढ मुळीच नाही. रूळ सपाट तक्त्यावर आहेत. डोंगर नुसता शेजारी उभा आहे. तरीही 'इंजिन कमजोर आहे' हे मत इतके रुजले की बाहेरून बोलावलेल्या दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनीही तेच सांगितले. त्यांनी मल्टिमीटर लावून रुळांवर जागोजागी विद्युतदाब मोजला, सगळीकडे बारा व्होल्ट भरले, आणि रूळ निर्दोष, इंजिन बदला, असा निर्वाळा दिला. परदेशी बनावटीच्या इंजिनाची किंमत आपल्यासारख्या संस्थेला न पेलणारी. ग्रंथालयाला जागा अपुरी पडतच होती. व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'नादुरुस्त रेल्वे प्रतिकृती काढून टाकणे' हा विषय आला. विज्ञानाचे सर निवृत्त झाल्यापासून दालनाची किल्ली माझ्याकडे होती. मी भन्तेजींकडे एक महिन्याची मुदत मागितली. त्यांनी ती दिली, आणि खर्चाचा हिशेब मात्र चोख ठेवा, असे बजावले.

या गाडीला वीज कशी मिळते, हे आधी समजून घ्यायला हवे. आपल्या लोकल गाडीच्या माथ्यावर तार असते. त्या तारेतून आलेली वीज मोटारीत जाते आणि चाकांवाटे रुळांतून परत फिरते. खेळातल्या गाडीच्या डोक्यावर तार नाही. तिचा एक रूळ वीज आणतो व दुसरा नेतो. म्हणून दोन्ही रूळ एकमेकांपासून विलग असावे लागतात. खालचे स्लीपर प्लास्टिकचे असतात, आणि एका आसावरची दोन चाकेही विद्युतदृष्ट्या एकमेकांना शिवू द्यायची नसतात. नाहीतर चाकांमधूनच शॉर्ट सर्किट होईल. कंट्रोलर शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत एकदिश वीज देतो. दाब वाढवला की वेग वाढतो. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल केली की दिशा बदलते.

येथे एक गंमत आहे, आणि ती पाहून मुले हटकून हसतात. इंजिनाच्या उजव्या हाताच्या रुळाला धन टोक जोडले की इंजिन पुढे जाते, असा सर्वमान्य संकेत आहे. समजा, गाडी पूर्वेकडे चालली आहे. इंजिन उचलून त्याचे तोंड पश्चिमेकडे करून पुन्हा रुळांवर ठेवले, तर ते कोणीकडे जाईल? पश्चिमेकडे, असे सगळे सांगतात. ते जाते पूर्वेकडेच, पण उलट्या पावलांनी. तोंड फिरवल्याने त्याचा उजवा रूळ आता ऋण झालेला असतो.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला हे सारे पाहताना भूतकाळ आठवल्यावाचून राहत नाही. दोन रुळांतून वीज वाहण्याची ही पद्धत मुळात खेळण्याची नव्हे. वर्नर फॉन सीमेन्स यांनी १८७९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात विजेची छोटी गाडी चालवली, तेव्हा वीज मधल्या वेगळ्या पट्टीतून दिली होती. मात्र १८८१ मध्ये बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे येथे त्यांनी ट्राम सुरू केली, ती सरळ दोन धावत्या रुळांमधून १८० व्होल्ट सोडून. रस्ता ओलांडणाऱ्या घोड्यांचे पाय एकाच वेळी दोन्ही रुळांवर पडले की त्यांना झटका बसे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटनच्या समुद्रकिनारी माग्नस फोल्क यांनी अशीच गाडी काढली. तेथे दाब फक्त पन्नास व्होल्ट होता, आणि १८८६ मध्ये त्यांनीही तिसरा रूळ टाकला. माणसांच्या रस्त्यावर जी पद्धत टिकली नाही, ती टेबलावर टिकली. खेळण्यांचा प्रवास नेमका उलटा झाला, हे त्याहून मौजेचे. अमेरिकेतील लायनेल कंपनीच्या गाड्या तीन रुळांवर धावत. इंग्लंडची हॉर्नबी डब्लो ही मालिका १९३८ मध्ये तीन रुळांनी सुरू झाली आणि १९५९ मध्ये दोन रुळांवर आली. तीन रुळांची जोडणी सोपी असते. पण खऱ्या रेल्वेला दोनच रूळ दिसतात, आणि हौशी माणसाला दिसण्याचे मोल फार.

आता खंडाळ्याकडे वळू. मी नववीच्या चार मुलांना हाताशी घेतले. पहिल्या दिवशी त्यांनीही मल्टिमीटर लावला आणि सगळीकडे बारा व्होल्टच भरले. त्या गटातली एक मुलगी, जिचे वडील मोटारसायकल दुरुस्त करतात, बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, गाडी उभी असताना मोजून काय कळणार? वीज चालतच नाहीये आता." दुसऱ्या दिवशी तिने वडिलांकडून मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा जुना दिवा मागवून घेतला. दिव्याला दोन तारा जोडल्या आणि त्या दोन रुळांवर टेकवल्या. स्थानकात दिवा लखलखीत लागला. जसजशी ती तक्त्याच्या कडेने मागे सरकत गेली तसतसा तो पिवळा, मग तांबूस झाला. खंडाळ्यात दिव्याची नुसती तार लाल दिसत होती. दिवा लागलेला असतानाच तिने मीटर लावला. सात व्होल्टही भरेनात.

सगळ्या दोषाचे मर्म एवढेच होते. प्रवाह वाहत नसेल तर कितीही खराब जोडापलीकडे मीटर पूर्ण दाब दाखवतो, कारण दाब घटतो तो प्रवाह वाहताना. ओहमचा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण रोधात प्रवाह गुणल्याशिवाय घट निघत नाही आणि प्रवाह शून्य असेल तर घटही शून्य, हे त्या मुलीच्या ध्यानात आले. मोठ्या माणसांच्या आले नव्हते.

मग रोध कोठे होता? रूळ ज्या मिश्रधातूचे असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात. नावात चांदी आहे, धातूत नाही. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण. पितळेच्या मानाने त्यावर चढणारा थर कमी त्रासदायक असतो म्हणून ते वापरतात. परंतु वीज वाहून नेण्याच्या बाबतीत ते तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्याचा रोध तांब्याच्या पंधरा पटींहून अधिक. तरीही रुळापेक्षा जोड अधिक दोषी. जवळजवळ मीटरभर लांबीचे चौदा तुकडे मिळून आपला मार्ग झालेला आहे. प्रत्येक सांधणीला दोन्ही रुळांवर पत्र्याची एकेक लहान खोळ, म्हणजे एकूण अठ्ठावीस खोळी. त्या नव्या असतात तेव्हा रुळाला घट्ट धरतात. पुढे दमट हवा, धूळ, रंगकाम करताना मुरलेला डिंक आणि पावसाळ्यानंतर होणारा धातूचा संकोच-प्रसरण, यांनी पकड सैल होते. कंट्रोलरच्या दोन तारा फक्त स्थानकाजवळ एका ठिकाणी जोडलेल्या होत्या. स्थानकातल्या इंजिनाला वीज थेट मिळे. खंडाळ्यातल्या इंजिनापर्यंत ती पोहोचायची तर सहा-सात सैल खोळी ओलांडून, आणि परतताना तितक्याच.

थोडक्यात, रुळाला तार समजणे सोयीचे आहे, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. वीज प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र पोहोचवावी लागते. मला यात वर्गातल्या शेवटच्या बाकाची आठवण झाली. शिक्षकांच्या खोलीत 'मूल कच्चे आहे' हा शेरा फार लवकर मारला जातो. असो.

उपाय शोधताना पुन्हा इतिहासच भेटला. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण होती. एकदिश वीज, दाब सुमारे ११० व्होल्ट. केंद्राजवळचे दिवे प्रखर आणि रस्त्याच्या टोकाचे मंद. सगळा मार्ग जाड तांब्याचा करायचा तर खर्च अफाट. त्याने दिव्यांच्या तारा वेगळ्या ठेवल्या आणि केंद्रातून निरनिराळ्या ठिकाणी त्यांना वीज आणून देणाऱ्या स्वतंत्र तारा टाकल्या. त्यांना फीडर म्हणतात. मॉडेल रेल्वेवालेही रुळाला वीज आणून देणाऱ्या तारेला आजतागायत फीडरच म्हणतात. आपल्या मुंबईतही ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट एकदिश विजेवर, आणि तिच्यासाठी काही काही किलोमीटरवर उपकेंद्रे उभारावी लागली. पुढे मुंबईची सगळी उपनगरी रेल्वे २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर गेली. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो, घट कमी होते, आणि उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात. टेबलावर आपण दाब वाढवू शकत नाही. बारा व्होल्टची मोटार बारा व्होल्टच मागते. तेव्हा एडिसनचाच मार्ग उरतो.

आम्ही तक्त्याखालून, रुळांच्या वाटेनेच, दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन तारा फिरवल्या. घरातल्या दिव्यांसाठी वापरतात तीच तार. तिच्या दहा मीटर लांबीचा रोध साधारण ०.१२ ओहम भरतो. इंजिन अर्धा अँपिअर घेत असेल तर तेवढ्या तारेत घट होते ती ०.०६ व्होल्ट, म्हणजे नगण्य. या दोन मुख्य तारांपासून प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक रुळाला बारीक तारेचा वीतभर लांबीचा फीडर वर आणला. अठ्ठावीस फीडर, छप्पन्न सोल्डर.

सोल्डर करण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. रूळ तापला की प्लास्टिकचे स्लीपर वितळतात आणि दोन रुळांमधले अंतर बिघडते. म्हणून रुळाची बाहेरची बाजू आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची, रुळाला आणि तारेला दोन्हींना आधीच सोल्डरचा पातळ थर द्यायचा, जागेच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवायचा, आणि तापलेली इस्त्री दोन-तीन सेकंदांत टेकवून उचलायची. सोल्डर आतल्या बाजूला येता कामा नये; तेथून चाकाची कड जाते. दोन आठवडे मुले रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर तासभर हे काम करीत होती. स्वयंपाकघरातल्या मावशी जेवणाची घंटा झाल्यावर दोनदा बोलावायला आल्या, तिसऱ्यांदा रागावल्या. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या बाजूला कोणीही हात लावायचा नाही, कंट्रोलरची पिन मीच लावायची व मीच काढायची, हा नियम मात्र अखेरपर्यंत मोडला नाही.

रंगांचा नियमही पाळावा लागतो. बाहेरच्या रुळाला लाल तार, आतल्या रुळाला काळी. एका मुलाने विचारले की लाल म्हणजे धन ना? तसे नव्हे. दिशा बदलली की धनाचे ऋण होते. रंग रुळाचे नाव सांगतो, विजेचे नव्हे. हे एकदा डोक्यात बसले की गोंधळ संपतो. प्रत्येक फीडर जोडल्यानंतर मीटर लावून लाल आणि काळी तार कोठे एकत्र तर आलेली नाहीत ना, हे तपासण्याचा आम्ही परिपाठ ठेवला. नवव्या तुकड्याला मीटर वाजला. काळा फीडर बाहेरच्या रुळाला गेला होता. लगेच तपासल्यामुळे दोष एका मिनिटात सापडला. अठ्ठावीस जोडून झाल्यावर वाजला असता तर प्रत्येक सोल्डर सोडवत बसावे लागले असते.

सगळे पुरे झाल्यावर मुलांनी आणखी एक परीक्षा घेतली. मार्गावर जागोजागी रुपयाचे नाणे दोन रुळांवर आडवे ठेवायचे. कंट्रोलरने प्रत्येक ठिकाणी तत्काळ वीज तोडली पाहिजे. जोड सैल असेल तर शॉर्ट सर्किट होऊनही कंट्रोलरला ते नीट कळत नाही, आणि तार वा इंजिन तापत राहते. आग लागण्याचे भय असते ते तेथेच. खंडाळ्यात नाणे ठेवताच खट् असा आवाज आला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग दिवा फिरवला. स्थानकात होता तसाच डोंगरामागेही लखलखीत.

समितीची बैठक दालनातच झाली. चार डबे जोडून गाडी सोडली. खंडाळ्यातून ती त्याच वेगाने बाहेर आली. "नवीन इंजिन कधी घेतलं?" एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले. "नाही साहेब, तेच आहे," त्या मुलीने उत्तर दिले आणि त्यांच्या हातात तो इंडिकेटरचा दिवा दिला. साहेबांनी स्वतः चष्मा सावरत तक्त्याभोवती दिवा फिरवून पाहिला. तारेचे एक बंडल, सोल्डर आणि किरकोळ सामान, एवढाच खर्च झाला होता. हिशेब भन्तेजींकडे दिला आहे. प्रतिकृती काढून टाकण्याचा विषय एक वर्षासाठी तहकूब झाला. ग्रंथालयाच्या जागेचा प्रश्न खराच आहे, आणि पुढील वर्षी तो पुन्हा येईल. त्या वेळी गाडी थांबलेली असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसेल.

यशाने मुलांचा हुरूप वाढला. गाडी नुसती गोल फिरण्याऐवजी स्थानकातून निघून दूरवर एक फेरा घेऊन त्याच मार्गाने परत यावी, असा फाटा त्यांनी काढला. दोन रुळांच्या पद्धतीचा खरा डोकेफोडीचा भाग हाच. सांध्यावरून आत गेलेला डावा रूळ फेरा मारून त्याच सांध्याला परत येतो तेव्हा उजव्या रुळाला मिळतो. लाल काळ्याला भिडते. तीन रुळांच्या खेळण्यांत ही अडचण येत नाही, कारण तेथे मधला रूळ फिरून आला तरी मधलाच राहतो. तोड अशी: फेऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून मध्ये प्लास्टिकच्या खोळी घालायच्या, म्हणजे फेरा मुख्य मार्गापासून विलग होतो. फेऱ्याची लांबी गाडीपेक्षा जास्त हवी. फेऱ्याला कंट्रोलरची वीज थेट द्यायची आणि मुख्य मार्गाला सहा टोकांच्या दुहेरी स्विचमधून. सगळी गाडी फेऱ्यात शिरली की सांधा बदलायचा आणि मुख्य मार्गाचा स्विच उलटा करायचा. गाडीला यातले काही कळत नाही. ती चालत राहते, आणि बाहेर पडते तेव्हा पुढचे रूळ तिला अनुकूल झालेले असतात. अलीकडच्या डिजिटल पद्धतीत हे काम एक छोटे यंत्र आपोआप करते. ते आपल्याकडे नाही, आणि नाही ते बरे, असे मला वाटते. आठवीतल्या मुलाला विचार करून स्विच फिरवताना पाहणे हे त्या यंत्रापेक्षा मोलाचे आहे.

सांध्यांचा एक त्रास अजून बाकी आहे. जेथे दोन मार्गांचे आतले रूळ व्ही अक्षरासारखे एकत्र येतात, तेथे आपल्या सांध्यांत प्लास्टिकचा तुकडा आहे. मोठ्या इंजिनाची बरीच चाके वीज घेत असल्याने ते निभावून नेते. दोन आसांचे लहान शंटिंग इंजिन सावकाश चालवले तर तेथे अडते आणि बोटाने ढकलावे लागते. धातूचे तोंड असलेले सांधे आणले की त्यांना स्वतंत्र फीडर आणि सांध्याबरोबर बदलणारा एक स्विच द्यावा लागेल.

सर्व जोडणीचा आराखडा दालनातील कपाटात, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहे. प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, फीडर कोणी जोडला आणि कधी तपासला, हे मुलांनी आपल्या हस्ताक्षरात लिहून ठेवले आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दिवा फिरवून नोंद करायची असते. मागच्या नोंदीप्रमाणे अकराव्या तुकड्याच्या आतल्या रुळाचा सोल्डर सुटलेला आहे. स्नेहसंमेलनाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाचा हात या कामात बसलेला असेल, तर दुपारच्या सत्रानंतर दालन उघडे असेल.